स्वखुशीने जमा

कुवेतहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय मग, सोनं आणलं का?" सोनं नाही आणलं. संताप आणला. संतापाला वजनाची मर्यादा नसते, त्यामुळे भरपूर आणता आला.

त्याची सुरुवात मुंबईच्या विमानतळावरच झाली. आत शिरणार तेवढ्यात मुक्ताचा, म्हणजे माझ्या मुलीचा, फोन आला. "आई, बॅगेत खसखस नाही ना? इथे ती अमली पदार्थांत धरतात." मी ठणकावून "नाही" म्हटलं, आणि मग मला नातीसाठी नेलेले अनारसे आठवले. डबा भरून होते आणि एकूण एक खसखशीवर थापलेले! पोचवायला आलेल्या भावाच्या हातात डबा दिला तेव्हा तो हसला, आणि मी त्या भाबड्या अनारशांना गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याला विमान उडेपर्यंत नावं ठेवत बसले. खरं तर नियमांबद्दल कुरकुर करणं मला शोभत नाही. नाशिकच्या एका खासगी शाळेत मी तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं, त्यातली शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते. नियम म्हणजे नियम, हे इतरांना ऐकवण्यात माझं आयुष्य गेलं.

एगैला

मुक्ताचं घर एगैलाला आहे. खाली उतरलं की मॉल, मॉल ओलांडला की दुसरा मॉल. मार्च महिना होता, हवा नाशिकच्या जानेवारीसारखी, फक्त मधूनच वाळूचा लोट यायचा आणि समोरची इमारत दिसेनाशी व्हायची. सकाळी जावई, निखिलराव, जमईयातून म्हणजे तिथल्या सहकारी भांडारातून गरम खुबूस आणायचे. ती मोठी, फुगलेली रोटी मला फार आवडली. तिच्यावर मेतकूट आणि तूप घालून खाल्लं तेव्हा माझी नात इरा म्हणाली, "आजी, धिस इज सो वीअर्ड," आणि स्वतः दोन खाल्ल्या.

इरा चौदा वर्षांची. जन्म कुवेतचा, शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. मी गेले तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर भलामोठा तक्ता पसरून बसली होती. अमेरिकेच्या इतिहासातले महत्त्वाचे कायदे, चित्रांसह. मला काय, आयतंच कुरण मिळालं.

सगळ्यात वर तिने सोनेरी शाईने लिहिलं होतं की सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत. तो स्वातंत्र्याचा जाहीरनामा मी तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतला होता.

"ज्याने हे लिहिलं त्याच्या घरी गुलाम राबत होते, ते लिहिलंस का?"

"देअर्स नो स्पेस, आजी."

"सोन्याच्या शाईला जागा आहे, आणि याला नाही?"

मग आम्ही दोघी तीन संध्याकाळी त्या तक्त्यावरून भांडलो. राज्यघटनेत गुलाम माणूस तीन पंचमांश मोजला होता, ते तिने चष्मा पुसून दोनदा वाचलं. पुढे १८५० चा कायदा आला. गुलाम पळून ज्या राज्यात गुलामगिरी नाही तिथे पोचला तरी त्याला पकडून मालकाकडे परत पाठवायचं, आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही शिक्षा. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याची फी, गुलामाला परत पाठवलं तर दहा डॉलर आणि सोडलं तर पाच. इराने पेन खाली ठेवलं. "दॅट्स लिटरली अ ब्राइब!" म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला.

पण मला खरा राग त्याच्या पुढच्या पानाचा आला. यादवी युद्ध झालं, गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती झाली, आणि लगेच दक्षिणेतल्या राज्यांनी 'ब्लॅक कोड्स' नावाचे कायदे काढले. नाव गुलामगिरीचं नाही, सगळं करारावर. मजुराने वर्षाचा करार करायचा, वर्ष संपायच्या आत काम सोडलं तर मजुरी जप्त आणि त्याला पकडून परत आणायचं. दुसऱ्या कुणी त्याला जास्त चांगलं काम देऊ केलं तर त्या दुसऱ्यालाही दंड. मी इराला म्हटलं, "बघ, साखळी काढली आणि तिच्याऐवजी कागद आणला. हे मोठ्या अक्षरात लिही." तिने लिहिलं. माझी छाती फुगली.

दुसऱ्या शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दत्ताराम जेवायला आला. दत्ताराम कणकवलीकडचा सुतार, पन्नाशीचा, बांधकामाच्या एका कंत्राटी कंपनीत. मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी तोच करतो, म्हणून मुक्ता त्याला सणावारी बोलावते. पुरणपोळी खाऊन झाल्यावर त्याने कुणी न सांगता स्वयंपाकघरातला अडकणारा खण दुरुस्त केला, आणि मग हात पुसत माझ्यासमोर बसला.

"बाईनु, चेडवाचा लगीन आसा. फुडल्याच्या फुडल्या शुक्रवारी."

"अरे वा, मुलीचं लग्न! मग कधी निघताय?"

"खंयचा निघतंय? माका सोडूक नाय."

मला समजेना. त्याने मोबाइल पुढे केला. अलीकडे तिथे खासगी कंपनीतल्या परदेशी माणसाला देशाबाहेर पडायचं तर सरकारी ॲपवर अर्ज करावा लागतो, आणि कंपनीने तो मंजूर करावा लागतो. दत्तारामने महिन्यापूर्वी अर्ज केला होता. कंपनी म्हणत होती, हातातलं काम पुरं होऊ दे, मग जा.

"लग्नाची तारीख पुढे घ्या मग."

"न्हवरो बोटीर आसा. तेची सुट्टी संपता."

"आणि पासपोर्ट? तो तरी तुमच्याजवळ आहे ना?"

"तो कंपनीच्या कपाटात. पयल्याच दिसाक घेतल्यानी."

"तुम्ही दिलात कशाला?"

"सगळेच देतत, बाईनु. सय पन केलंय."

त्या सहीच्या कागदाचा फोटो त्याच्याकडे होता. वर अरबी, खाली इंग्रजी. निखिलरावांनी वाचून दाखवलं. मी माझा पासपोर्ट सुरक्षिततेसाठी कंपनीकडे स्वखुशीने जमा करत आहे, माझ्यावर कोणताही दबाव नाही.

"स्वखुशीने!" मी एवढ्या जोरात ओरडले की मुक्ता हातातली वाटी घेऊन बाहेर आली.

निखिलराव शांतपणे म्हणाले, "आई, कायद्याने इथेसुद्धा कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. म्हणून तर तसं लिहून घेतात. तक्रार करता येते."

"मग करा तक्रार!"

दत्ताराम खाली बघत म्हणाला, "तक्रार केलंय तर अर्ज कोन मंजूर करतलो? वर लिवन देतले, हो कामगार पळालो. मगे पोलीस."

इरा इतका वेळ सोफ्यावर मोबाइलमध्ये तोंड घालून बसली होती. ती मान वर करून म्हणाली, "लाइक द रनअवे लॉ, आजी?"

निखिलराव चिडले. "इरा, ते वेगळं होतं. इथे पगार मिळतो, माणसं स्वतःहून येतात. गुलामगिरीशी तुलना करू नये." ते बरोबर होतं, आणि मी तसं कबूलही केलं. पण एक नसलं तरी एकाच घराण्यातलं आहे, असं म्हटल्याशिवाय मला राहवलं नाही. मुलीच्या लग्नाला जायला बापाने परवानगी मागायची आणि कुणीतरी खुर्चीत बसून ती द्यायची नाही, याला दुसरं काय म्हणायचं? त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मीना अब्दुल्ला

निखिलरावांची नोकरी मीना अब्दुल्लाच्या तेलशुद्धीकरणाच्या भागात. दत्तारामच्या कंपनीचं ऑफिस तिथून जवळच. मी हट्ट धरला की मला तिथे न्या. ते तयार नव्हते. "आई, इथे आवाज चढवून कामं होत नाहीत." दत्तारामनेही फोनवर विनवलं, "बाईनु, माजा नाव नको घेव." मी दोघांनाही हो म्हटलं.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला टाक्या आणि पाइप, वर जळत्या गॅसच्या ज्वाळा आणि हवेत रॉकेलसारखा वास. ऑफिस म्हणजे वाळूत ठेवलेली पत्र्याची लांबट केबिन. आत टेबलामागे साळुंके नावाचे गृहस्थ, लातूरकडचे. कामगारांचे कागद सांभाळायचं काम त्यांच्याकडे. त्यांच्या पाठीमागे राखाडी रंगाचं लोखंडी कपाट होतं.

"या, बसा मॅडम," ते उठून उभे राहिले. "चहा घेऊ आधी. आपल्या मानसाला चहाबिगर सोडायचं का?"

वेलदोडा आणि केशर घातलेला करक चहा आला. मी तो बाजूला सारला आणि बोलायला लागले. सगळं बोलले. जाहीरनामा, पळून गेलेल्या गुलामांचा कायदा, ब्लॅक कोड्स, साखळी आणि कागद. बोलण्याच्या भरात "दत्ताराम" असं नावही दोनदा घेतलं. निखिलराव खुर्चीत अवघडून बसले होते. साळुंके मात्र सगळं शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"मॅडम, तुम्ही बोलायलाव ते बरोबरच हाय," ते म्हणाले. "पन मी तरी काय करू? मंजुरीचं बटन मालकाच्या हातात. अन् कंपनीचंबी ऐका. कागद हातात दिला की ही मानसं दुसरीकडं जातेत. आपन शिकवून तयार करायचं अन् दुसऱ्यानं आयतं न्यायचं."

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे ते आठवेना.

"म्हणून माणसाचा कागद कुलपात ठेवायचा?" मी म्हटलं. "तुमच्या घरच्यांचा कुणी ठेवला असता तर?"

साळुंके थोडे हसले. त्यांना राग आलेला दिसला नाही.

"ठेवलाच हाय की. माझी मिसेस गावाकडं शाळेवर हाय. तिचे सगळे ओरिजनल, डिग्री, बी.एड., समदं संस्थेकडं जमा. इथल्या एका शाळेत तिला घेत होते. ओरिजनल दाखवा म्हनले. संस्था म्हनली, वर्ष मधीच सोडता येत नाही, परीक्षा झाल्यावर या. परीक्षा झाली तवर इथली जागा गेली. म्हनून ती तिकडं अन् मी इकडं." त्यांनी माझा गार झालेला चहा माझ्याकडे सरकवला. "तुम्ही हेडमास्तरीन होताव म्हनलाव ना? तुमच्याकडं ठेवत नव्हते का?"

"आमच्याकडे शिक्षक स्वखुशीने..."

एवढंच बोलले आणि मी चहाचा कप उचलला. निखिलरावांनी माझ्याकडे पाहिलं. साळुंक्यांनी दत्तारामचा अर्ज मालकापुढे पुन्हा ठेवतो असं सांगितलं, आणि आम्ही उठलो.

साळुंक्यांचं ते 'दुसऱ्यानं आयतं न्यायचं' मी कुठे ऐकलं होतं ते गाडीत बसल्यावर मला चांगलं आठवलं. ते वाक्य माझंच होतं. शिक्षक वर्षाच्या मध्येच सोडून जातात म्हणून संस्थेने मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायचं ठरवलं, आणि त्या अर्जाचा मसुदा लिहायला मला सांगितलं. 'मी माझी मूळ प्रमाणपत्रे सुरक्षिततेसाठी शाळेकडे स्वखुशीने जमा करत आहे.' माझ्या मराठीचं तेव्हा कौतुकही झालं होतं. अकरा वर्षं त्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची.

आणि वैशाली. विज्ञान शिकवायची, मुलं तिच्यावर जीव टाकायची. तिची सरकारी शाळेत निवड झाली होती, आणि कागदपत्रांच्या पडताळणीला मूळ प्रमाणपत्रं घेऊन ठरलेल्या दिवशी हजर राहायचं होतं. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली. मी म्हटलं, "फेब्रुवारीत दहावीचा वर्ग सोडून जाणार? आम्ही तयार करायचं आणि दुसऱ्याने आयतं न्यायचं? मे महिन्यात या, देते." ती वर्गावर गेली. मे महिन्यापर्यंत ती जागा गेली होती, मग ती कागद मागायलाही आली नाही. मला तेव्हा वाटलं होतं की मी शाळा वाचवली.

संध्याकाळी हे सगळं मी इराला सांगितलं. तिच्यापासून लपवावं असं फार वाटलं, पण ज्या पोरीला सोन्याच्या शाईवरून मी इतकं बोलले होते, तिच्याशी खोटं बोलणार कुठल्या तोंडाने?

तिने विचारलं, "डिड यू गिव्ह इट बॅक, आजी?"

"नाही. मी निवृत्त झाले आणि किल्ली दुसरीला दिली."

तक्त्यावरचं ते मोठ्या अक्षरातलं वाक्य इराने आणखी एकदा गिरवलं.

खैतान

मंजुरी आली नाही. लग्नाच्या शुक्रवारी मी आणि मुक्ता खैतानला दत्तारामच्या खोलीवर गेलो. गल्लीत एसीचं पाणी ठिबकत होतं, प्रत्येक खिडकीबाहेर कपडे वाळत होते, दाराबाहेर चपलांचा ढीग. खोलीत सहा खाटा, सगळे कोकणातले गडी. त्यांनी खाटा भिंतीला लावून जागा केली होती, आणि दत्तारामने फळकुटाचा एक छोटा पाट करून त्यावर मोबाइल उभा केला होता. दत्ताराम नवीन शर्ट घालून त्याच्यासमोर ताठ बसला होता.

तिकडचा साडेबाराचा मुहूर्त, म्हणजे इकडचे दहा. पडद्यावर मांडव हलत होता, आवाज मध्येच जात होता. कन्यादानाला त्याच्या धाकट्या भावाचा हात पुढे आला. दत्तारामचा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला आणि पुन्हा खाली आला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा खोलीतले सगळे उभे राहिले आणि त्यांनी अक्षता मोबाइलवर टाकल्या. तांदूळ काचेवरून घरंगळत पाटावर पडत होते. दत्तारामने ते एक एक करून गोळा केले आणि कागदात बांधून ठेवले.

नंतर त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. भात, कुळथाची पिठी आणि तळलेलं झुबैदी, म्हणजे आपलं पापलेट. मी मासे खात नाही, म्हणून माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी केली होती. इतकी चविष्ट पिठी मी नाशिकला कधी खाल्ली नाही, आणि इतक्या जड मनानेही कधी काही खाल्लं नाही.

"दत्ताराम, मी तिथे तुमचं नाव घेतलं," मी सांगून टाकलं. "घ्यायला नको होतं."

"माका ठाऊक आसा, बाईनु," तो म्हणाला. "जेवा."

मंजुरी पुढच्या रविवारी आली. माझ्या भाषणामुळे उशीर झाला, की भाषण नसतं तरी तेवढाच झाला असता, ते मला कधीच कळणार नाही. तो गेला तेव्हा मुलगी सासरी गेलेली होती आणि मांडव उतरवला होता.

नाशिक

परत आल्यावर चौथ्या दिवशी शाळेत गेले. हल्लीच्या मुख्याध्यापिका माझ्याच हाताखाली होत्या. कपाट तेच, जागाही तीच.

"वैशालीची फाइल द्या," मी म्हटलं. "तिची एकटीचीच नाही, सगळ्यांची परत करा. पण तिची आत्ता."

"बाई, संस्थेला विचारावं लागेल." त्या संकोचल्या. "आणि नियम तर तुमचाच आहे ना?"

"माझाच. म्हणून तर आले."

मी खुर्चीत बसून राहिले. मधली सुट्टी झाली, शिपायाने पाणी आणलं, दोन तास झाले. संस्थेच्या कार्यालयात तीन फोन झाले. मग मी जरा मोठ्या आवाजात विचारलं की दुसऱ्याची पदवी कुलपात ठेवायचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला, तो मला दाखवा, मी नागरिकशास्त्राचीच शिक्षिका आहे. खिडकीशी मुलं जमली. तेव्हा कपाट उघडलं. वैशालीची मिळाली, बाकीच्यांसाठी मी दर सोमवारी जाते आहे आणि जात राहणार आहे.

वैशाली सातपूरला राहते. अजून त्याच शाळेत शिकवते, त्याच पगारावर. आठ वर्षं झाली, सरकारी नोकरीची वयाची अट तिने केव्हाच ओलांडली आहे. दार उघडल्यावर ती गडबडली, पदर सावरून "बाई, तुम्ही? काही चुकलं का माझं?" म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. दत्तारामचं, साळुंक्यांचं आणि माझं. माफी मागितली. ती खाली मान घालून ऐकत होती.

मग मी फाइल तिच्या हातात दिली. तिने ती उघडूनही पाहिली नाही. इकडेतिकडे शोधून टीव्हीजवळचं पेन उचललं आणि मला विचारलं,

"बाई, सही कुठे करू?"